‘डॉक्युमेंटमध्ये एक नोट टाका’

हैदराबादच्या माधापूर-गच्चीबावली पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये सध्या एक मत फार आत्मविश्वासाने मांडलं जातं. टेक्निकल रायटरचं काम म्हणजे तयार झालेल्या वस्तूचं वर्णन. वापरणाऱ्याला काय हवं, त्याचं कुठे अडतं, हे पाहायला प्रॉडक्ट मॅनेजर आहेत, स्क्रीनची रचना पाहणारी यूएक्सची माणसं आहेत, विक्री विभाग आहे. रायटरने स्क्रीन बघावी, इंजिनिअरने दिलेली माहिती नीट भाषेत लिहावी आणि रिलीजच्या आदल्या दिवशी पानं द्यावीत. ‘वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी’ ही पदवी रायटर मंडळींनी स्वतःच स्वतःला दिली आहे, ती कोणी त्यांना दिलेली नाही.

अलीकडे या मताला दोन नवे टेकू मिळाले आहेत. पहिला म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. मजकूर आता यंत्रच लिहून देतं, मग मधल्या माणसाची गरज काय? दुसरा म्हणजे अमेरिकेतली ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’. १९५३ पासूनची परंपरा सांगणारी, भारतातही शाखा असलेली ही या व्यवसायातली एक मोठी संघटना. तिने २९ जानेवारी २०२५ रोजी कायमचं कुलूप लावलं आणि दिवाळखोरी जाहीर केली. हे दोन्ही एकत्र ठेवून व्यवसायाचा मृत्युलेख लिहिणारे आमच्या शहरात पुष्कळ आहेत.

मी अनेक वर्षं हैदराबादेत हेच काम करते. हे मत चुकीचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्या चुकीची किंमत रायटरला फारशी मोजावी लागत नाही. रायटर दुसरी नोकरी शोधतो. किंमत मोजणारी माणसं वेगळीच असतात आणि ती या चर्चेत कधीच हजर नसतात.

आधी काम कसं चालतं ते सांगते. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कर्मचाऱ्याची बदली नोंदवणे’ एवढी एक कृती लिहायची आहे असं धरा. इंजिनिअरला ती सोपी वाटते, कारण आत काय चालतं ते त्याला माहीत असतं. प्रॉडक्ट मॅनेजरने ती स्वतः आखलेली असते, म्हणून त्यालाही सोपी वाटते. टेस्टर ठरलेल्या पायऱ्या ठरलेल्या क्रमाने चालवून पाहतो आणि अपेक्षित उत्तर आलं की पुढच्या चाचणीकडे वळतो. रायटरला मात्र पहिलं वाक्य लिहितानाच थांबावं लागतं. हे करणारा माणूस या स्क्रीनपर्यंत आला कसा? त्याच्या हातात कोणता कागद आहे? बदलीची तारीख गेल्या महिन्यातली असेल तर निघून गेलेल्या पगाराचं काय होणार? स्क्रीनवर ‘इफेक्टिव्ह डेट’ आणि ‘ट्रान्सफर डेट’ अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींत वेगळी तारीख भरली तर कोणती खरी धरली जाते? हे कळल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. रायटर इंजिनिअरकडे जातो, इंजिनिअर कोड उघडतो, डोकं खाजवतो आणि म्हणतो, ‘असं कोणी भरेल असं आम्ही धरलंच नव्हतं.’

हा क्षण आमच्या कामात रोज येतो. वाक्य अडतं तेव्हा बहुतेक वेळा भाषा कमी पडलेली नसते, वस्तूत काहीतरी राहून गेलेलं असतं. ही माहिती कंपनीत त्या वेळी दुसऱ्या कोणाकडेही नसते. वापरणाऱ्याने अजून वस्तू पाहिलेली नाही, सपोर्टकडे अजून तक्रार आलेली नाही. आंधळेपणाने वस्तू चालवून पाहणारा, आणि चालवताना प्रत्येक पाऊल शब्दांत मांडायला बांधलेला, असा रायटर हा पहिला माणूस. ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द कोणाला मोठा वाटत असेल तर तो बाजूला ठेवू. वापरणाऱ्याची अडचण सगळ्यांत आधी रायटरला कळते, एवढीच वस्तुस्थिती घेऊन पुढे जाऊ.

आणि ती कळल्यावर काय होतं? आमच्या कार्यालयांत यावर ठरलेलं उत्तर आहे: ‘डॉक्युमेंटमध्ये एक नोट टाका.’ दोन तारखांचा घोळ आहे, नोट टाका. सेव्ह केल्यावर बदल दिसायला वेळ लागतो, तोवर माणूस तीच नोंद दुसऱ्यांदा करून बसतो, नोट टाका. एक बटण दाबलं की मागे फिरता येत नाही आणि स्क्रीन तसं सांगत नाही, ठळक अक्षरांत नोट टाका. रिलीज पुढच्या मंगळवारी आहे, आता कोडला हात लावता येणार नाही. हे ऐकणाऱ्या रायटरने मान डोलवावी अशी अपेक्षा असते, कारण नोट टाकणं हेच तर त्याचं काम ठरवून ठेवलेलं आहे. या नोटेमुळे एका इंजिनिअरची एक दुपार वाचते आणि तीच दुपार हजारो अनोळखी माणसांच्या वेळातून वसूल होते. बहुतेकांना ती नोट सापडत नाही. ज्यांना सापडते त्यांना ती नुकसान झाल्यावर सापडते.

हे किती दूरवर जाऊ शकतं, याचं उदाहरण आमच्या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाने वाचलं पाहिजे. कॅनडातल्या एका सरकारी कंपनीने बनवलेलं ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना या यंत्राने भयंकर जास्त मात्रेचे किरण दिले. त्यांतले काही जण त्यातच गेले. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी अक्षरं दिसली. म्हणजे काय, हे त्यांना दिलेल्या पुस्तिकेत नव्हतं. यंत्रासोबतच्या एका कागदावर ‘डोस इनपुट २’ एवढाच खुलासा होता. असे संदेश त्या यंत्रावर सारखे येत, आणि ‘पी’ हे अक्षर दाबलं की उपचार पुढे चालू होई. त्यांनी ‘पी’ दाबलं. रुग्ण शेजारच्या खोलीत होता. त्या दिवशी तिथला कॅमेरा जोडलेला नव्हता, आणि आवाज ऐकवणारं यंत्रही बंद होतं.

या अपघातांची सविस्तर चिकित्सा नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तिची चर्चा आजही प्रामुख्याने सॉफ्टवेअरच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. तो दोष कोणत्याही रायटरला सापडला नसता. पण ‘५४’ या आकड्यापुढे तीन गोष्टी लिहिण्याची सक्ती कोणावर असती तर? याचा अर्थ काय, रुग्णाला धोका आहे का, यंत्र चालवणाऱ्याने आता काय करायचं. हे विचारल्यावर कंपनीतल्या कोणाला तरी सांगावंच लागलं असतं की, मात्रा फार कमी किंवा फार जास्त गेली आहे आणि नेमकं कोणतं ते यंत्राला माहीत नाही. हे वाक्य एकदा कागदावर उतरलं की त्याच्याखाली ‘पी दाबून पुढे जा’ असं लिहायला कोणाचाही हात धजावला नसता. मी पुस्तिकेच्या पानांबद्दल बोलत नाही. ते पान लिहिताना जे प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरं कोणाला तरी तोंडाने द्यावी लागतात, त्याबद्दल बोलते आहे.

ही चाळीस वर्षांपूर्वीची आणि परदेशातली गोष्ट झाली. आता हैदराबादेतली.

तेलंगण सरकारने २९ ऑक्टोबर २०२० रोजी ‘धरणी’ हे शेतजमिनींच्या नोंदींचं पोर्टल सुरू केलं. हेतू चांगला होता. खरेदीखत आणि फेरफार एकाच बैठकीत, तहसीलदारासमोर, कोणाच्या हातापाया न पडता व्हावेत. त्याच्या थोडं आधी, सप्टेंबरमध्ये, ग्राम महसूल अधिकाऱ्याचं पद कायद्याने रद्द झालं. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपल्या गावातून तलाठी गेला आणि त्याच्या जागी फक्त एक संकेतस्थळ उरलं, असं समजावं. ज्याच्या जमिनीच्या पासबुकात क्षेत्र कमी लागलं, ज्याच्या बापाचं नाव चुकलं, ज्याची स्वतःची जमीन व्यवहाराला बंदी असलेल्या जमिनींच्या प्रतिबंधित यादीत जाऊन पडली, त्या शेतकऱ्याने जायचं कुठे? सुरुवातीला पोर्टलवर त्याच्यासाठी वाटच नव्हती. दुरुस्तीचे मार्ग नंतर एकेक करून जोडले गेले आणि त्यांना नावं मिळाली ती अशी: प्रतिबंधित यादीच्या तक्रारीसाठी ‘टीएम-१५’, पासबुकातल्या चुकांसाठी ‘टीएम-३३’. आपल्या अडचणीचा क्रमांक कोणता, हे शेतकऱ्याला ओळखता येईना. ‘मी-सेवा’ या सरकारी सेवा केंद्रातल्या मुलाला वाटेल त्या मोड्यूलमध्ये अर्ज जायचा, तो चुकला की फेटाळला जायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

धरणीचा प्रश्न २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत गाजला. नव्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये अभ्यास समिती नेमली. मार्चमध्ये तुंबलेल्या अर्जांसाठी खास मोहीम काढावी लागली, तेव्हा ते अर्ज दोन लाखांहून अधिक होते. शेवटी कायदाच बदलला आणि १४ एप्रिल २०२५ रोजी ‘भू भारती’ आलं. नव्या व्यवस्थेत ३३ मोड्यूलची ६ केली, हे सरकारने अभिमानाने सांगितलं.

धरणीच्या गोंधळामागे जुन्या नोंदी होत्या, घाईने झालेली पडताळणी होती, राजकारण होतं. केवळ चांगल्या मदत-पानांनी हे सुटलं असतं असं म्हणणारी मी नाही. माझं म्हणणं एका पानापुरतं आहे. पोर्टल सुरू होण्याआधी कोणाला तरी एक पान तेलुगूत लिहायला बसवलं असतं: ‘माझ्या पासबुकात माझी जमीन कमी दाखवली आहे. मी काय करू?’ ते पान लिहिता आलं नसतं, कारण त्या प्रश्नाला उत्तरच तयार नव्हतं. ते रिकामं राहिलेलं पान घेऊन तो माणूस बैठकीत गेला असता, आणि त्याला ते विचारण्याचा अधिकार असता, तर उद्घाटनाची तारीख पुढे गेली असती. तारीख पुढे जाण्याचं नुकसान मोठं की दोन लाख अर्ज तुंबण्याचं, हे वाचकांनी ठरवावं.

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची म्हणून नोंदवते. आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनद या भागांत घराघरांत मराठी बोलली जाते. तिथल्या कास्तकाराला तेलुगू बोलता येते. पण ‘टीएम-३३’च्या स्क्रीनवरची महसुली तेलुगू म्हणजे वेगळी गोष्ट. अशा माणसाची आठवण ठेवणं हे कोणाचं काम होतं? प्रॉडक्ट मॅनेजरच्या तक्त्यात ‘शेतकरी’ नावाची एक चौकट असते. तिच्यात बेल्याचा कास्तकार मावत नाही. लिहायला बसणाऱ्यालाच पहिला प्रश्न पडतो: हे कोण वाचणार आहे आणि कोणत्या भाषेत?

इथवर आलं की समोरून ठरलेला मुद्दा येतो: ‘लोक वाचतच नाहीत. सगळं लिहून ठेवलेलं असतं, वापरणारेच निष्काळजी.’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो, आणि त्याचं कारण यवतमाळ आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतरत्र दाखल करावं लागलं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर, तोंडावर येत होता. जास्त दाबाने बारीक तुषार सोडणारे नवे पंप बाजारात आले होते. आणि तेव्हा एक सूर लगेच लागला: शेतकऱ्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला कापड बांधलं नाही, माहितीपत्रकातल्या सूचना पाळल्या नाहीत.

कायद्याने बघितलं तर सूचना होत्या. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारं रंगीत चिन्ह लागतं, लाल म्हणजे अतितीव्र, मग पिवळं, निळं, हिरवं. माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावं लागतं. पण ते पत्रक हातात घेऊन बघा. घड्या घातलेला पातळ कागद, अनेक भाषा, मुंगीएवढी अक्षरं. ते खोक्याच्या आत असतं. खोकं मालक उघडतो आणि फवारणीला जातो तो रोजंदारीवरचा मजूर, ज्याने ते खोकं कधी पाहिलेलंच नाही. मात्रा सांगितलेली असते हेक्टरी. समजा लिहिलं आहे की हेक्टरी ६०० मिलिलिटर औषध ५०० लिटर पाण्यात. विदर्भातला शेतकरी एकरात बोलतो, पंपात मोजतो आणि औषध झाकणाने ओततो. त्याला हवं असतं ते हे की, १५ लिटरच्या पंपाला किती? उत्तर आहे १८ मिलिलिटर, पण तो हिशेब त्याने बांधावर, उन्हात, दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या दोन औषधांच्या मिश्रणासाठी करायचा असतो. हातमोजे घाला असं लिहिणाऱ्याने सप्टेंबरच्या दमट उकाड्यात रबरी हातमोजे घालून तासभर फवारणी केली असती, तर ती ओळ त्याने तशीच ठेवली असती का?

फवारणीच्या वेळी एक दिवस शेतात उभ्या राहिलेल्या रायटरने ते पत्रक असं लिहिलं नसतं. त्याने पंपाचं माप दिलं असतं. झाकणावर खूण मागितली असती. काळजी कशी घ्यायची याचं चित्र खोक्यातल्या पत्रकाऐवजी बाटलीवर, मजुराला दिसेल तिथे मागितलं असतं. आणि यांतल्या अर्ध्या गोष्टी त्याला लिहून मिळाल्या नसत्या, त्या वस्तूत बदल करूनच मिळाल्या असत्या. म्हणूनच रायटरला शेवटी बोलावून चालत नाही. शेवटी बोलावलेल्या माणसाच्या हातात फक्त कागदाची घडी उरते.

‘वापरणारा निष्काळजी’ हा बचाव आता कायद्यातही पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं ८४ वं कलम उत्पादकाची जबाबदारी केव्हा धरली जाईल ते सांगतं. निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, यांच्याच रांगेत तिथे आणखी एक कारण दिलं आहे: इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसणं. सेवा देणाऱ्यांसाठी ८५ व्या कलमात असंच आहे. संसदेने सूचनांना वस्तूचा भाग मानलं. आमच्या कंपन्या अजून त्यांना वस्तूचं वेष्टन मानतात.

विरोधकांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि त्याला मी टाळणार नाही. ते विचारतात: तुम्ही वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी, तर वापरणाऱ्याला कधी भेटलात? हैदराबादेतल्या बहुसंख्य रायटर्सचं खरं उत्तर ‘कधीच नाही’ असं आहे. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभं राहिलं तेव्हापासून या शहरात जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं समुद्रापलीकडच्या माणसांसाठी आहे. गच्चीबावलीत बसलेली मुलगी ओहायोतल्या रुग्णालयातल्या परिचारिकेसाठी लिहिते. विम्याचा दावा नोंदवणाऱ्या ज्या कारकुनासाठी ती पान लिहिते, त्याचं कार्यालय तिने चित्रातही पाहिलेलं नसतं. अशा वेळी ती ज्या ‘यूजर’च्या नावाने भांडते तो पुष्कळदा तिच्या कल्पनेतला असतो. तिची स्वतःची आवडनिवड वापरणाऱ्याच्या नावावर खपवली जाण्याचा धोका असतो, आणि मी तसं होताना पाहिलं आहे. विरामचिन्हांवरून तासभर वाद घालणारे आणि मूळ घोळाबद्दल गप्प बसणारे रायटरही आहेत. हे सगळं खरं आहे.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? विरोधक म्हणतात, भेटला नाहीत म्हणून बोलू नका. मी म्हणते, भेटू दिलं नाहीत, आता भेटू द्या. ज्या इमारतीत रायटर बसतो तिच्याच खालच्या एखाद्या मजल्यावर सपोर्टची माणसं रात्रपाळीला बसून त्याच वापरणाऱ्यांचे फोन घेत असतात. कोणत्या स्क्रीनवर लोक अडतात, कोणत्या शब्दाचा चुकीचा अर्थ लावतात, कोणती नोट कोणालाच सापडत नाही, हे सगळं त्यांच्या टिकेटांत, म्हणजे तक्रारींच्या नोंदींत, साठलेलं असतं. मी काम केलेल्या एका ठिकाणी रायटर्सना ती टिकेटं बघायची परवानगीच नव्हती. कारण विचारलं तर ‘तुम्हाला त्याची गरज काय?’ असं उत्तर मिळालं. वापरणाऱ्यापासून आधी तोडायचं आणि मग वापरणाऱ्याची माहिती नाही म्हणून हिणवायचं, हा न्याय मला मान्य नाही.

भेटलं की काय होतं याचा दाखला जुना आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कॅरल आणि त्यांचे सहकारी न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लोकांना शब्दसंस्करणाचं यंत्र शिकताना जवळून पाहत बसले. जाडजूड, क्रमवार, काळजीपूर्वक लिहिलेली पुस्तिका समोर होती, आणि लोक ती ओलांडून सरळ आपल्या कामाला हात घालत होते. पत्र लिहायचं तर पत्रच लिहायला घेत, चुकत, आणि चुकल्यावर बाहेर कसं यायचं ते पुस्तिकेत शोधत. तिथे ते नसे. कॅरल यांनी यावर लोकांना दोष दिला नाही. त्यांनी पुस्तिका खूप छोटी केली, ती खऱ्या कामाभोवती रचली आणि चुकीतून सुटण्याचा मार्ग तिच्यात ठिकठिकाणी दिला. लोक लवकर शिकले. ‘लोक वाचत नाहीत’ हीच तक्रार आज करणाऱ्यांना त्यातला अर्धाच भाग माहीत असतो. लोक अडल्यावर वाचतात, आणि तेव्हा त्यांना जे हवं असतं ते लिहिण्यासाठी लिहिणाऱ्याने त्यांना अडलेलं पाहिलेलं असावं लागतं.

आता यंत्राबद्दल. कृत्रिम बुद्धिमत्ता उत्तम मजकूर लिहिते, यात मला शंका नाही. मी ती वापरते. कोड, स्पेसिफिकेशन आणि जुनी पानं दिली की ती एका मिनिटात नीटनेटकी कृती लिहून देते. दोन तारखांच्या त्या घोळावरसुद्धा ती वाचनीय परिच्छेद लिहून देईल, आणि मला भीती याचीच वाटते. माणसाचं वाक्य जिथे अडत होतं तिथे यंत्राचं अडत नाही, म्हणून जी खूण मिळायची ती मिळेनाशी होते. मुद्दाम सांगितलं तर यंत्र शंकाही काढेल. पण त्या शंका घेऊन बैठकीत जायचं, इंजिनिअर ‘असं कोणी करणार नाही’ म्हणाला तर सपोर्टची टिकेटं पुढे ठेवायची, मॅनेजर ‘पुढच्या रिलीजमध्ये बघू’ म्हणाला तर बघेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, हे कोण करणार? मजकुराचं काम यंत्राकडे जात असेल तर रायटरचा वाचलेला वेळ याच कामाला मिळाला पाहिजे. आज नेमकं उलट होतं आहे. मजकूर यंत्राने लिहिला म्हणून माणूस कमी केला जातो आणि त्याच्यासोबत तो प्रश्नही इमारतीबाहेर जातो. संघटना बुडाली याचाही पुरावा म्हणून उपयोग नाही. तिचा ताळेबंद आणि वापरणाऱ्याची गरज यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

‘हे काम यूएक्सवाले करतात’ या म्हणण्यावर फार वेळ घालवत नाही. ते स्क्रीन कशी असावी हे पाहतात, आणि चांगलं पाहतात. पण वस्तूच्या दोन भागांच्या मधल्या फटी, चूक झाल्यावर काय, परवानगी नसेल तर काय, महिनाअखेरीस काय, या गोष्टी एका स्क्रीनवर दिसत नाहीत. त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चालून पाहणाऱ्यालाच लागतात. दोन्ही कामं शेजारी शेजारी बसून झाली पाहिजेत.

माझी मागणी साधी आणि अमलात आणण्याजोगी आहे. कोणत्याही बऱ्या कंपनीत रिलीजआधी एक यादी तपासली जाते. सुरक्षा विभागाची सही लागते, कायदा विभागाची लागते. तिच्यात रायटरची एक ओळ असावी: ‘ही कृती मी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहिली आणि ती सूचनांसह पार पडते.’ पडत नसेल तर रायटरने ते लेखी लिहावं. त्यावर निर्णय मॅनेजरचाच राहो, रिलीज करायचं तर जरूर करावं. मात्र उत्तरही लेखी असावं आणि खाली नाव असावं. नोट टाकायचीच ठरली तर ती कोणाच्या सांगण्यावरून टाकली आणि मूळ दोष कोणत्या रिलीजमध्ये निघणार, हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं. रायटरला सपोर्टची टिकेटं उघडी असावीत आणि वर्षातून निदान काही वेळा वापरणाऱ्यांसोबत बसण्याची मुभा असावी. ते ओहायोत असतील तर फोनवर, आणि बेला किंवा यवतमाळात असतील तर एसटीने किंवा आरटीसीने जाऊन. सरकारी पोर्टलांना हे आणखी लागू आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर आवडलं नाही तर ग्राहक दुसरं घेतो, जमिनीची नोंद करायला शेतकऱ्याला दुसरं दार नाही. भू भारतीची स्क्रीन पुढच्या वेळी बदलेल तेव्हा तिची मदत-पानं आधी लिहून आदिलाबादच्या आणि महबूबनगरच्या शेतकऱ्यांकडून करवून पाहावीत, आणि जिथे ते अडतील तिथे पान सुधारण्याआधी स्क्रीन सुधारावी.